ताप नसताना मलेरियाची गोळी मागायला गेलो

मलेरिया झालेला असता तर त्या सरकारी दवाखान्यात माझं काम सकाळीच आटोपलं असतं. पण मला तो होऊ द्यायचा नव्हता. त्यासाठी तिथे खिडकीच नव्हती.

टॉवर लाइनच्या कामावर युगांडात, जिंजाच्या बाजूला, वर्ष-दीड वर्ष राहायचं होतं. तिथे मलेरिया बारमाही, आणि बहुतेक फॅल्सिपेरम, म्हणजे मेंदूवर जाऊ शकणारा. यलो फीवरची लस सक्तीची असते, तिचं कार्ड मागतात. मलेरियाच्या गोळ्यांना कुणी विचारत नाही, म्हणून घ्यायच्या की नाही हे आपणच ठरवायचं.

आमचे मामा एटापल्लीला नोकरी करून निवृत्त झालेले. म्हणाले, "अबे, गडचिरोलीत इतकी वर्षं काढली, एक गोळी नाही खाल्ली. आपल्याले काय होते?" त्यांना तिथे किती वेळा हुडहुडी भरली ते मामींना विचारा. आईचं वेगळंच. "रोज गोळी खाल्ली तर लिव्हर राहील का तुझं?"

म्हटलं, डॉक्टरांनाच विचारू. केसपेपरच्या खिडकीवर पहिला प्रश्न, "तक्रार काय?"

"तक्रार नाही. बाहेर देशी जातोय, मलेरिया होऊ नये म्हणून गोळ्या हव्यात."

"ताप आहे?"

"नाही."

"मग आले कायले?"

मागची रांग कुरकुरायला लागली तसं त्यानं 'ताप' लिहून कागद सरकवला. मेडिसिन ओपीडीत इंटर्ननं तो 'ताप' वाचला, मी काही बोलायच्या आत रक्ताची स्मिअर लिहिली. बोट टोचून घेतलं, रिपोर्टची वाट पाहिली. निगेटिव्ह. "मलेरिया नाही तुम्हाला, जा घरी." मी म्हटलं, तेच तर सांगतोय! मग म्हणे, प्रतिबंधाचं असेल तर पीएसएमला, म्हणजे रोगप्रतिबंधाच्या विभागात जा. पीएसएममध्ये मॅडम चांगल्या होत्या, डासांबद्दल बरंच सांगितलं, पण औषध मेडिसिनवाले लिहितात म्हणाल्या. परत आलो तोवर ओपीडी बंद.

पुन्हा गेलो तेव्हा एका साहेबांनी मान वर न करता क्लोरोक्विन लिहिली, आठवड्याला एकदा. आपल्याकडे व्हायवॅक्सला, म्हणजे मलेरियाच्या दुसऱ्या प्रकाराला, ती चालते, म्हणून हात तिकडेच वळतो. आफ्रिकेतल्या फॅल्सिपेरमवर तिचा भरवसा कधीच संपलाय. तसं बोललो, तर "मग तुम्हीच लिहा!" अजून आठवलं की डोकं फिरतं.

शेवटी नागपूरच्या धंतोलीत एका फिजिशियनकडे फी भरून गेलो आणि त्या पैशाचं मला जराही वाईट वाटलं नाही. त्यांनी आधी विचारलं, काम काय करता? आपल्या सरकारी मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सहा आठवड्यांपर्यंत राहायचं तर रोज डॉक्सीसायक्लिन, त्याहून जास्त असेल तर आठवड्याला मेफ्लोक्विन. पण मेफ्लोक्विननं चक्कर येऊ शकते, भयानक स्वप्नं पडतात, मन खचतं. फिट येणाऱ्याला किंवा मानसिक आजार होऊन गेलेल्याला ती देतच नाहीत. मी टॉवरवर चढणारा माणूस, तेव्हा ती बाद. अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल सोसते, पण एवढ्या मुदतीसाठी खिशाला नाही. राहिली डॉक्सी, १०० मिलिग्रॅम रोज. "मुरमांसाठी पोरं महिनोन्‌महिने हीच खातात," हे त्यांचं वाक्य घरी सांगितलं आणि आईचा विरोध मावळला. साइटपासून मोठं हॉस्पिटल लांब, त्यामुळे न घेण्याचा विचार मी तिथेच सोडला.

चिठ्ठीवर पूर्ण मुदत आणि गोळ्यांची संख्या लिहून घ्या, नाहीतर दुकानदार दोन पट्ट्या टेकवतो. मी गंजीपेठेतल्या दवा बाजारातून घेतल्या. चिठ्ठीची प्रत सामानात ठेवा.

गोळी जेवणानंतर, ग्लासभर पाण्यासोबत, आणि लगेच आडवं व्हायचं नाही. घशाखाली अडकली तर अन्ननलिका जळते. दूध, अ‍ॅसिडिटीचं औषध, लोहाच्या गोळ्या यांच्यापासून दोन-तीन तास लांब. आणि ऊन! नागपूरचा मे काढलेला मी, पण या गोळीवर माझी मान सोलून निघाली. पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, संध्याकाळी डासांनाही कामाला येतो. मच्छरदाणी सोडायची नाही, कारण मलेरियाचा डास, अ‍ॅनोफिलीस, संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतो आणि गोळी शंभर टक्के वाचवत नाही.

हो, बायको गरोदर असेल किंवा आठ वर्षांखालचं मूल सोबत असेल तर त्यांना डॉक्सी चालत नाही, त्यांचं वेगळं विचारा. यलो फीवरची लस निघायच्या किमान १० दिवस आधी घ्या.

परतल्यावरही गोळी चार आठवडे चालू ठेवायची असते. माझ्यासोबतच्या एकानं मुंबईला उतरल्याबरोबर पट्टी फेकली. तसं करू नका. परतल्यापासून वर्षभरात कधीही ताप आला, तर त्याच दिवशी रक्त तपासा आणि डॉक्टरांना सगळ्यात आधी आफ्रिकेतून आलोय हे सांगा.