असून अडचण, नसून खोळंबा

डी-ऑक्सि-रायबो-न्यूक्लिक-ॲसिड, म्हणजे डीएनए. शाळेत हे नाव एका दमात म्हणून दाखवणं हा पराक्रम असतो, आणि पराक्रम उरकला की नावाकडे पुन्हा कोणी वळून बघत नाही. वास्तविक त्यातली निम्मी जागा एका साखरेने अडवली आहे, आणि तीही नन्नाचा पाढा वाचत. 'डीऑक्सि' म्हणजे ऑक्सिजन काढून टाकलेली. बिनबियांची द्राक्षं, बिनकाठाची साडी, तशी ही बिनऑक्सिजनची रायबोज नावाची साखर. गंमत अशी की रायबोजमध्ये ऑक्सिजनचे पाच अणू असतात आणि हिच्यात चार शिल्लक राहतातच. पाच चमचे साखर घालणाऱ्या घरात चार चमच्यांच्या चहाला बिनसाखरेचा म्हणावं, तसलं हे नाव.

पूर्ण नाव आहे टू-डीऑक्सि-डी-रायबोज. यातले दोन 'डी' इंग्रजीत वेगवेगळे लिहितात, देवनागरीत मात्र ते जुळे भाऊ होऊन बसतात. पहिला सांगतो, काहीतरी काढलं. दुसरा सांगतो, रेणू उजव्या घडणीचा आहे. हातमोज्यात डावा-उजवा असतो तसा साखरेतही असतो, आणि डीएनएत बसलेली सगळी साखर उजवी.

ही साखर फळ्यावर काढायची तर आधी टोक वर ठेवून पंचकोन काढावा. वरच्या टोकाला ऑक्सिजन. तिथून घड्याळाच्या काट्याप्रमाणे निघालं की उजवा कोपरा एक, खालचा उजवा दोन, खालचा डावा तीन, डावा चार. पाचव्या कार्बनला कड्यात जागा नाही. तो चारच्या डोक्यावर, वऱ्हांड्यात. हमखास चूक इथेच होते. पंचकोन म्हणजे पाच कार्बन असं धरून वरच्या ऑक्सिजनलाही आकडा मिळतो आणि पुढचं सगळं एक घर सरकतं. आता एकवर बेस, म्हणजे डीएनएच्या चार अक्षरांपैकी एक, वरच्या दिशेने. तीनवर ओएच, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी, खालच्या दिशेने. पाचवर फॉस्फेट, म्हणजे फॉस्फरस आणि ऑक्सिजनचा गट. आणि दोनवर, जिथे रायबोजचा खाली लोंबणारा ओएच असायचा, तिथे वर हायड्रोजन आणि खालीही हायड्रोजन.

प्रत्येक आकड्याच्या डोक्यावर प्राइमची बारीक रेघ हवी, कारण साधे एक-दोन-तीन बेसच्या अणूंनी आधीच अडवले आहेत. या रेघेला क्षुल्लक समजू नये. डीएनएची साखळी फाइव्ह प्राइमकडून थ्री प्राइमकडे वाचतात. प्रायमर, म्हणजे डीएनएची नक्कल सुरू करून देणारा छोटा तुकडा, मागवताना क्रम उलटा लिहिला तर कंपनी लिहिल्याबरहुकूम बनवून पाठवते, आणि पीसीआरची, म्हणजे डीएनएच्या प्रती काढण्याच्या प्रयोगाची, नळी कोरडेपणाने काहीच न दाखवता परत येते.

रायबोज काढताना दोनवरचा ओएच चुकून वर लिहिला गेला तर? मग ती अरबिनोज होते. अरबिनोज हे नाव गम अरेबिकवरून आलं, म्हणजे बाभळीच्या जातीच्या झाडांच्या डिंकावरून. एमिल फिशर आणि त्यांच्या सहकाऱ्याने १८९१ मध्ये रायबोज प्रयोगशाळेत बनवली, तेव्हा अरबिनोजचीच अक्षरं उलटसुलट करून तिचं बारसं झालं. डीएनए या भारदस्त नावाच्या पोटात अशी थोडी डिंकाची चिकट अक्षरं आहेत. आणि अरबिनोजच्याच बेतावर केलेलं सायटाराबिन हे औषध रक्ताच्या कर्करोगावर वापरतात. एक ओएच खालून वर गेला, एवढाच फरक.

आता मूळ प्रश्न: दोनवरच्या त्या ओएचने असं काय घोडं मारलं होतं की डीएनएतून त्याला काढून टाकावं? तो शेजारी म्हणून फार जवळ राहतो. साखळीचा प्रत्येक दुवा तीनवरच्या ऑक्सिजनमधून फॉस्फेटकडे जातो आणि दोनवरचा ओएच त्याला खेटून असतो. भोवती अल्कली आली की हा ओएच आपला हायड्रोजन सोडतो, उरलेला ऑक्सिजन फॉस्फरसवर झडप घालतो, दोन आणि तीनला जोडणारं छोटं कडं तयार होतं आणि साखळी तुटते. कात्री साखळीतच शिवलेली. आरएनए, म्हणजे रायबोज तशीच ठेवलेला डीएनएचा भाऊ, ०.३ नॉर्मल (तीव्रतेचं माप) अल्कलीत ३७ अंशांवर रात्रभर ठेवला तर सकाळी सुटे न्यूक्लिओटाइड, म्हणजे साखर, बेस आणि फॉस्फेटचे एकेक मणी, मिळतात. त्याच भांड्यात डीएनएचे दोन धागे एकमेकांपासून सुटतात, पण धागा तुटत नाही. कात्रीच काढून घेतलेली असते.

आरएनएवर काम करणाऱ्यांचा सोवळेपणा यातूनच येतो. आरएनए तोडणारी आरएनएज नावाची विकरं (एन्झाइम) याच ओएचचा फायदा घेतात आणि ती आपल्या बोटांवर, घामात असतात. त्यातलं एक, आरएनएज ए, उकळूनही दाद देत नाही. म्हणून पाण्यात ०.१ टक्का डीईपीसी, म्हणजे ही विकरं निकामी करणारं रसायन, घालून ते पाणी रात्रभर ठेवायचं आणि मग ऑटोक्लेव्ह करायचं, म्हणजे दाबाच्या वाफेत तापवायचं. मात्र ट्रिस बफरमध्ये, म्हणजे पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात, डीईपीसी घालू नये. ट्रिस त्याच्याशी अभिक्रिया करून ते संपवून टाकतं आणि आपण निर्धास्त राहतो. ट्रिस घालायचंच तर आधी शुद्ध केलेल्या पाण्यात नंतर घालावं. डीएनएचं तसं नाही. तो पीएच ८ च्या टीई बफरमध्ये फ्रिजमध्ये पडून राहतो, आणि कोणी सोवळं पाळलं नाही म्हणून रुसत नाही.

कोविडच्या काळात लशींच्या थंडीचे आकडे सगळ्यांच्या तोंडी होते. फायझरच्या आरएनए लशीला सुरुवातीला उणे ७० अंशांच्या आसपासचे फ्रीझर लागत. आरएनएचा हळवेपणा हे त्यामागचं एक कारण, भोवतीचे मेदाचे कण हे दुसरं. पुण्याच्या जेनोव्हाने २०२२ मध्ये परवानगी मिळालेली आरएनए लस सुकवून पूड केली, म्हणून ती २ ते ८ अंशांवर राहू शकली. पाणीच नाही तर साखळी तोडणाऱ्या अभिक्रियेला पाट-रांगोळी कोण मांडणार?

इतका टिकाऊपणा फुकट मिळत नाही. दोनवरचा ओएच इलेक्ट्रॉन स्वतःकडे खेचत असतो आणि त्या ओढीमुळे एकवरच्या बेसची पकड मजबूत राहते. तो गेला की पकड सैल होते. आम्लात डीएनएमधले ॲडेनीन आणि ग्वानीन हे बेस आरएनएतल्यापेक्षा लवकर गळतात, आणि आपल्या पेशीत, साध्या पाण्यातही, रोज प्रत्येकी हजारोंच्या संख्येने गळत असतात. एका पेशीत अशा साखरा सुमारे १२०० कोटी, त्यामुळे गळती भासत नाही. शिवाय दुरुस्तीची विकरं डागडुजी करत हिंडत असतात.

ही गळती रसायनशास्त्रज्ञांना त्रासाची ठरली आणि कामाचीही. फीबस लेव्हिन यांनी न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत १९०९ मध्ये रायबोज ओळखली. डीऑक्सिरायबोज ओळखायला १९२९ उजाडलं. साखर सुटी करायला आम्लात उकळायची रीत, आणि ही साखर आम्लातच मोडायची. मोडून लेव्ह्युलिनिक आम्ल व्हायचं, जे ग्लुकोजसारख्या सहा कार्बनच्या साखरांपासून मिळतं. म्हणून कितीतरी काळ डीएनएतली साखर सहा कार्बनची आहे असाच समज होता. शेवटी आतड्यातल्या पाचकरसांचं सौम्य काम उपयोगी पडलं.

कामाची बाजू रॉबर्ट फ्युलगेन यांनी १९२४ मध्ये दाखवली. कांद्याच्या मुळाचं टोक १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात ६० अंशांवर आठ-दहा मिनिटं ठेवायचं. प्युरीन, म्हणजे ॲडेनीन आणि ग्वानीन, गळतात, एक नंबरचा कार्बन मोकळा होतो, कडं उघडून अल्डिहाइड होतं आणि शिफचं रंगहीन द्रावण त्याच्याशी किरमिजी रंग धरतं. केंद्रकं तेवढी रंगतात. वेळ कमी पडला तर रंग फिका, कारण प्युरीन पुरते गळलेले नसतात. वेळ जास्त झाला तरी फिकाच, कारण साखळीच तुटून द्रावणात निघून जाते. दोन्ही चुकांचा चेहरा एकच, म्हणून प्रत्येक ऊतीसाठी वेळ आधी तपासून घ्यावी लागते. आणि शिफचं द्रावण गुलाबी झालं असेल तर ते ओतून द्यावं, मोह धरू नये.

पेशी मात्र हा ओएच काढायला आम्ल-बिम्ल वापरत नाही. ती आधी रायबोजचाच न्यूक्लिओटाइड बनवते आणि मग एक विकर येऊन दोनवरचा ओएच उचलतं. पद्धत वळणाची आहे: आधी शेजारच्या तीनवरचा हायड्रोजन काढून हातात धरायचा, त्याने दोनवरचा ओएच सैल होऊन पाणी म्हणून निघून जातो, मग धरलेला हायड्रोजन जागच्या जागी ठेवायचा. दिवाळीची झाडलोट करणाऱ्यांना ही रीत ओळखीची वाटेल. या विकराच्या पोटात लोहाच्या जोरावर तयार झालेला एक मुक्तमूलक, म्हणजे जोडी नसलेला इलेक्ट्रॉन बाळगणारा भाग, असतो आणि हायड्रॉक्सियुरिया नेमका त्यालाच विझवतं. गडचिरोलीपासून नंदुरबारपर्यंत सिकलसेलचे जे रुग्ण हे औषध घेतात, त्यांना त्याचा फायदा गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन वाढण्यातून होतो. पण अस्थिमज्जेतल्या भराभर विभागणाऱ्या पेशींना डीऑक्सि साखर सतत लागते, ती कमी पडली की पांढऱ्या पेशी घटू शकतात. ठरावीक काळाने रक्ततपासणी चुकवू नका असं डॉक्टर बजावतात ते यासाठी.

ही झाली असून अडचण. त्याच साखरेत, अगदी शेजारच्या घरात, नसून खोळंबाही आहे. तीनवरचा ओएच हा साखळीचा पुढचा हूक. नवा न्यूक्लिओटाइड त्यालाच येऊन अडकतो. तिथे ओएचऐवजी भलतंच काही असेल, जसं एझेडटी या एचआयव्हीवरच्या औषधात तीन नायट्रोजनांची शेपटी आहे, तर विषाणूची साखळी तिथेच थांबते. फ्रेडरिक सँगर यांनी १९७७ मध्ये हाच खोळंबा डीएनएचा क्रम वाचण्यासाठी वापरला. दोन आणि तीन, दोन्ही ठिकाणी ओएच नसलेले डायडीऑक्सि न्यूक्लिओटाइड ते साध्यांत मिसळत. जिथे असा एखादा बसेल तिथे साखळी संपते, आणि वेगवेगळ्या लांबीचे तुकडे ओळीने लावले की क्रम वाचता येतो. सगळी मेख मिश्रणात. डायडीऑक्सि जास्त झाले तर साखळ्या सुरुवातीलाच थांबतात आणि लांबचं काही दिसत नाही. कमी झाले तर प्रायमरजवळचे पट्टे इतके फिके येतात की वाचायला डोळे ताणावे लागतात. साधारण शंभरात एक, एवढा खोळंबा पुरतो.