पांझरेकाठच्या डाइकचा माग : अंतिम वर्षाच्या प्रकल्पाचा माझा अनुभव

धुळ्यात स्थापत्य अभियांत्रिकीच्या अंतिम वर्षाला असताना आम्हा चौघांनी प्रकल्पासाठी जो विषय निवडला, त्याचे मूळ माझ्या मामांच्या शिवारात होते. साक्री तालुक्यातील पांझरा नदीकाठच्या त्या शिवारातून काळ्या दगडांची एक रांग पूर्व-पश्चिम दिशेने सरळ जाते. रांगेच्या दक्षिणेकडील विहिरींना मार्चपर्यंत पाणी असते आणि उत्तरेकडील विहिरी डिसेंबरातच तळ दाखवतात. दोन्हींमधले अंतर शंभर मीटरही नाही.

ही रांग म्हणजे डाइक. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी दख्खनचे लाव्हा थर साचत असताना ज्या भेगांतून शिलारस वर आला, त्या भेगांतच तो थिजून उभ्या भिंती तयार झाल्या. नंदुरबार-धुळे पट्ट्यात अशा दोनशेहून अधिक डाइक अभ्यासकांनी नोंदवल्या आहेत आणि त्यांची सर्वसाधारण दिशा पूर्व-ईशान्य ते पश्चिम-नैऋत्य आहे. अखंड डाइक भूजलाला बांधासारखी अडवते. मात्र ती तडकलेली असेल, तर त्याच तडांतून पाणी वाहते. जमिनीवर दोन्ही सारख्याच दिसतात, म्हणून आमच्या शिवारातील डाइक कुठे अखंड आहे आणि कुठे फुटलेली आहे, हे जमीन न खोदता शोधायचे, असे आम्ही ठरवले.

पद्धत जुनी आणि भरवशाची आहे. फ्रँक वेनर यांनी 1915 मध्ये मांडलेल्या रचनेत चार सळ्या एका रेषेत समान अंतरावर रोवतात, बाहेरच्या दोन सळ्यांतून जमिनीत विद्युतधारा सोडतात आणि आतल्या दोहोंमधील विभवांतर (व्होल्टेज) मोजतात. विभवांतराला धारेने भागून आलेल्या रोधाला 2π आणि सळ्यांमधील अंतर यांनी गुणले की जमिनीची रोधकता, म्हणजे जमीन विजेला किती अडवते याचे माप, मिळते. अंतर 10 मीटर, धारा 50 मिलिअँपिअर आणि विभवांतर 40 मिलिव्होल्ट असेल, तर उत्तर सुमारे 50 ओहम-मीटर येते. ओली काळी माती आणि भिजलेला मुरूम यांची रोधकता कमी असते, तर अखंड काळ्या पाषाणाची त्यांच्या कितीतरी पट जास्त. तयार उपकरणाचे भाडे आमच्या आवाक्याबाहेर होते, म्हणून 9 व्होल्टच्या दहा बॅटऱ्या एकापुढे एक जोडून, दोन मल्टिमीटर आणि स्टेनलेस स्टीलच्या सळ्या घेऊन आम्ही ते स्वतः बांधले. 90 व्होल्टचा धक्काही धोक्याचा असतो, त्यामुळे रबरी हातमोजे घातल्याशिवाय कोणी सळईला हात लावायचा नाही, हा नियम आमच्या मार्गदर्शक मॅडमनी पहिल्याच दिवशी घालून दिला होता.

जानेवारीच्या अखेरीस घेतलेले पहिले 22 आकडे निरुपयोगी ठरले. एकाच जागी पाच मिनिटांच्या अंतराने दुप्पट फरक पडत होता आणि दोन ठिकाणी तर रोधकता उणे आली, जे शक्यच नाही. प्रयोगशाळेत 1 ओहमच्या ज्ञात रोधावर मात्र तेच उपकरण बिनचूक चालत होते. म्हणजे दोष यंत्रात नसून यंत्र आणि जमीन यांच्या संबंधात होता. हा संबंध नीट जुळवण्यात आमचे पुढचे सात आठवडे गेले, आणि प्रकल्पाचा खरा अभ्यास याच काळात झाला असे मी मानतो.

पहिला अडथळा कोरड्या जमिनीचा होता. भेगाळलेल्या मातीत सळई नीट टेकत नाही, त्यामुळे धारा 5 मिलिअँपिअरच्या वर जाईना. सळईच्या बुडाशी मिठाचे पाणी ओतल्यावर ती 40 पर्यंत पोहोचली. सळई अधिक खोल ठोकण्याचा मोह टाळावा लागला, कारण ती अंतराच्या विसाव्या भागापेक्षा, म्हणजे 10 मीटरसाठी अर्ध्या मीटरपेक्षा, खोल गेली तर सूत्रातील गृहीतकच मोडते.

दुसरा अडथळा अधिक फसवा होता. धारा पूर्ण बंद असतानाही आतल्या दोन सळ्यांमध्ये 60 मिलिव्होल्टपर्यंत विभवांतर दिसत होते आणि ते स्थिरही नव्हते. धातू आणि ओली माती यांच्या संपर्कातून ते निर्माण होते, आणि आम्हाला मोजायचा संकेत मात्र जेमतेम 30 मिलिव्होल्टचा होता. प्रत्येक जागी धारेची दिशा उलटवून दोन वाचने घ्यायची आणि त्यांच्या फरकाचे निम्मे धरायचे, हा उपाय पुस्तकात होता, पण विभवांतर सतत सरकत असेल तर तोही अपुरा पडतो. तेव्हा मॅडमनी सच्छिद्र भांड्यांचे इलेक्ट्रोड सुचवले. संक्रांतीची उरलेली सुगडी कुंभाराकडून आणली, बोर्डो मिश्रणासाठी कृषी सेवा केंद्रात मिळणारे मोरचूद पाण्यात संपृक्त होईपर्यंत विरघळवून त्यांत भरले आणि त्यात तांब्याची जाड तार बुडवली. न रंगवलेल्या सुगड्यातून द्रावण हळूहळू झिरपते आणि मातीशी स्थिर संपर्क साधते. सरक 60 वरून 3 मिलिव्होल्टवर आली, त्या दुपारी आम्ही चौघेही बराच वेळ त्या आकड्याकडे नुसते पाहत उभे होतो.

तरीही काही दिवशी आकडे थरथरत. शेतीच्या फीडरला वीज आली की पंपांच्या अर्थिंगमधून जमिनीत गळणारी धारा आमच्या मापनात मिसळते, हे नोंदवहीतील वेळा तपासल्यावर लक्षात आले. त्यानंतर वीजपुरवठा बंद असतानाच मापन करायचे आणि लोखंडी पाइपलाइनला समांतर रेषा कधीही टाकायची नाही, असे ठरले. वीज रात्रीची असे त्या आठवड्यात दिवसभर, आणि दिवसाची असे त्या आठवड्यात दिवे घेऊन अंधारात काम केले.

मार्चमध्ये डाइकला काटकोनात 300 मीटरच्या तीन रेषा मोजून झाल्या. पहिल्या दोन रेषांवर दोन्ही बाजूंना 15 ते 25 आणि डाइकवर 100 च्या आसपास ओहम-मीटर, असा ठळक उंचवटा मिळाला. तिसऱ्या रेषेवर, जिथे नाला रांगेला छेदतो, तो उंचवटा नव्हताच; आकडा जेमतेम 30 होता. चूक समजून आम्ही ती रेषा आणखी दोनदा मोजली, पण आकडा बदलला नाही.

कमी रोधकता म्हणजे तडकलेला, पाणी धरणारा खडक, असे मी अहवालात लिहून टाकले होते. मॅडमनी ते वाक्य खोडले, कारण नाल्यातील चिकणमातीही तेवढाच आकडा देते. ते खोडणे योग्य होते. म्हणून सळ्यांमधील अंतर 2 पासून 30 मीटरपर्यंत वाढवत त्याच जागेचे खोलीनुसार मापन केले, आणि मातीच्या थराखालीही रोधकता कमीच राहते हे दिसले. याशिवाय सात विहिरींच्या पाण्याची पातळी घेतली. इथेही आम्ही आधी जमिनीपासूनची खोलीच परस्परांशी ताडून पाहत होतो, जी उताराच्या शिवारात काहीच सांगत नाही. ऑटो लेव्हलने, म्हणजे उंचीतील फरक मोजण्याच्या दुर्बिणीने, सर्व विहिरींचे काठ एका संदर्भपातळीला जोडल्यावरच चित्र उमटले. अखंड डाइकच्या दोन बाजूंच्या विहिरींत पाण्याच्या पातळीत सुमारे 4 मीटरचा फरक होता, तर नाल्याजवळच्या जोडीत तो जेमतेम 1 मीटर होता. विजेचे आणि पाण्याचे, अशी दोन स्वतंत्र मापने एकाच जागेकडे बोट दाखवत होती.

एम. विश्वेश्वरय्या 1884 मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाले, तेव्हा त्यांना आरंभीच्या काळात खान्देशातच पांझरेच्या एका प्रवाहापलीकडे पाणी नेणाऱ्या नळांच्या साइफनचे काम मिळाले होते. याच नदीवर फड पद्धतीचे, म्हणजे गावकऱ्यांनी मिळून चालवलेल्या सिंचनाचे, बंधारे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. दिसणाऱ्या पाण्यासाठी इथे इतका विचार झाला आहे की जमिनीखालच्या पाण्यालाही तो मिळावा, असे मला मनापासून वाटते.

तोंडी परीक्षा एप्रिलमध्ये पार पडली. तिच्यापेक्षा मामांचा प्रश्न मला कठीण गेला. "पानी कोठे शे, इतलंच सांग भो," असे ते पहिल्या दिवसापासून म्हणत होते, आणि रांगेच्या उत्तरेला, मोटारीच्या खोलीजवळ बोअर घ्यायचे त्यांनी जवळजवळ ठरवले होते. नकाशा त्यांच्यापुढे ठेवून मी सांगितले की मोटारीजवळ डाइक अखंड आहे, नाल्याजवळ ती फुटलेली आहे, आणि तिथे पाणी पलीकडे येते. मात्र ते किती येईल हे आमची मापने सांगू शकत नाहीत. मामांनी नकाशा दोनदा पाहिला, मग नाल्यापर्यंत चालत गेले आणि तिथल्या पडक्या विहिरीच्या काठावर बसून आत डोकावले. बोअर त्यांनी घेतले नाही. मे महिन्यात त्या विहिरीतील गाळ काढायला सुरुवात केली. पावसाळ्यानंतर सातही विहिरींच्या पातळ्या आम्ही पुन्हा घेणार आहोत, आणि ही आठवी विहीर आता यादीत आहे.