आजीच्या फोटोवरचं भरतकाम: माझा अनुभव

आमच्या घरात आजीचा एकच फोटो आहे. कुठल्याशा सरकारी कागदासाठी अमळनेरच्या स्टुडिओत काढलेला, पासपोर्ट साइजचा, कृष्णधवल. डोक्यावर पदर आहे, पण पदराला रंग नाही. कपाळावरचं कुंकूसुद्धा काळं.

चाळीसगावला स्टेशनजवळ छायाचित्रकार केकी मूस (१९१२-१९८९) यांचं घर आहे, आता तिथे त्यांचं कलासंग्रहालय आहे. टेबलावर बारीकसारीक वस्तू मांडून त्यांनी टिपलेली दृश्यं मी तिथे पाहिली. फोटो हाताने घडवता येतो, हे मला तिथे पटलं. आजीचं लुगडं दोऱ्याने भरायचं, असं परतीच्या गाडीतच ठरवलं.

मूळ फोटोला हात लावायचा नव्हता. तो ६०० डीपीआयला स्कॅन करून मोठी प्रिंट काढली. पहिली प्रिंट चकचकीत फोटो पेपरवर काढली, ती वाया गेली. पदराच्या काठावर मी टाके अगदी जवळजवळ घेतले, आणि दोरा ओढताच कागद पोस्टाच्या तिकिटासारखा भोकांच्या रेषेवर फाटला, थेट गालापर्यंत. त्या रात्री मी पुढे काही केलंच नाही.

दुसरी प्रिंट जाड, खरखरीत कॉटन पेपरवर काढली. तिला मागून आजीच्याच जुन्या लुगड्याचा तुकडा मैद्याच्या खळीने चिकटवला. पावसाळा होता, बुरशी आणि कसर लागू नये म्हणून खळीत चिमूटभर मोरचूद घातला. दोन रात्री पाट्याखाली दाबून ठेवला. मग खाली थर्माकोल घेऊन आधी नुसती भोकं पाडली, तीन-तीन मिलिमीटरवर, सगळी समोरून. सहा पदरी दोऱ्यातले दोनच पदर घेतले. काठाला साखळी टाका, पदरावर धावदोरा. कागदावर दोरा कधीही खेचू नये, टेकवत जावा.

पार्श्वभूमीला केळीचा वाळलेला सोप, म्हणजे खोडावरचं साल, लावला, कारण आजीचं माहेर यावलकडच्या केळीच्या बागांतलं. कोरडा सोप तडकतो. ओल्या फडक्यात तासभर गुंडाळला की कापडासारखा वळतो, आणि त्याच्या तपकिरी रेषा इतक्या देखण्या असतात की त्यावर एकही टाका घालवला नाही.

कुंकवाला मात्र मी अडले. तिथे लाल गाठीचा टाका घालणार, तेवढ्यात आत्या शेजारी येऊन बसली.

"मायना कपायले सुई टोचशी का तू?"

मी सुई खाली ठेवली. आत्याचं खरं होतं. लाल कापडाची टिकलीएवढी चकती कातरली आणि खळीने चिकटवली. चेहऱ्यावर एकही भोक नाही, आणि मला वाटतं त्यामुळेच आजी त्या सगळ्या दोऱ्यांतून सरळ आपल्याकडे बघते.

चित्र पुरं झाल्यावर आत्याने पदरावरून बोट फिरवलं. मी जांभळा भरला होता. "हाऊ रंग नही व," ती म्हणाली. मायचं ते लुगडं कांद्याच्या सालीच्या रंगाचं होतं, खानदेशातल्या कानबाईच्या सणाला नेसायची ते. हे मी आधी विचारायला हवं होतं.

कागदावरचं भोक बुजत नाही, म्हणून नवीन टाके मांडता येत नाहीत. बारीक कात्रीने मागच्या बाजूने जांभळा दोरा कापत आणला, चिमट्याने एकेक तुकडा ओढून काढला. आता त्याच भोकांतून कांद्याच्या सालीचा रंग भरते आहे. आत्या रोज दुपारी येते आणि किती झालं ते बघून जाते.