साल्मिंगचे बूट

माझा आतेभाऊ स्टॉकहोमला असतो. गेल्या दिवाळीत आला तेव्हा माझ्यासाठी बॅडमिंटनचे बूट घेऊन आला, खोक्यावर नाव साल्मिंग. मी म्हटलं हे काय रे, चांगल्या कंपनीचे नाही मिळाले का तिकडे, तर म्हणे दादा, अरे हा हॉकीवाला होता, तिकडे लोक नाव काढलं की हळवे होतात, आणि ह्याच्या नावाची अंडरवेअर पण मिळते. आता ग्वाल्हेरच्या माणसासमोर हॉकी म्हटलं की तो गप्प बसेल का? आमच्याकडे कॅप्टन रूपसिंग राहून गेले, ध्यानचंदांचे धाकटे भाऊ, 1932 च्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेला 24-1 ने धुतलं त्यात 10 गोल ह्यांचे एकट्याचे. त्यांच्या नावाचं स्टेडियम आहे ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, आणि जगाला ते माहीत कशामुळे तर सचिनच्या 200 मुळे. असो, तो वेगळा राग आहे.

तर ही हॉकी बर्फावरची निघाली. बर्फावर कुस्ती करतात एवढंच माझं ज्ञान होतं. रात्री सगळे झोपल्यावर मोबाईल घेऊन बसलो आणि दीड वाजेपर्यंत ह्या माणसातच अडकलो.

बोर्ये साल्मिंग, जन्म 1951, स्वीडनच्या पार उत्तरेला किरुना भागातला. तिथे लोखंडाच्या खाणी आहेत. वडील सामी, म्हणजे तिथले मूळ रहिवासी, रेनडिअर पाळणारा समाज, पण नोकरी खाणीत. पोरगा पाच वर्षांचा असताना वडील खाणीतल्या अपघातात गेले. मोठा भाऊ स्टिग हॉकी खेळायचा, हा त्याच्या मागे. पुढे ब्रिनेस क्लबकडून 1971 आणि 1972 ची स्वीडिश चॅम्पियनशिप जिंकला. कॅनडातल्या टोरांटोच्या मेपल लीफ्स ह्या आइस हॉकी क्लबचा माणूस स्वीडनला आला होता एका गोलकीपरला बघायला, आणि पसंत पडला हा! (आमच्यात मुली बघायला गेल्यावर असले प्रकार झालेत, नावं सांगत नाही.)

1973 मध्ये हा आणि इंगे हामरस्ट्रम दोघं टोरांटोला पोचले. त्यावेळी एनएचएलमध्ये, म्हणजे अमेरिका-कॅनडाच्या आइस हॉकी लीगमध्ये, जवळपास सगळे कॅनडाचेच, युरोपातून कोणी आलं की हे नाजूक, मार बसला की पळतील, असं ठरलेलंच. शिवी पण तयार होती, चिकन स्वीड, म्हणजे भित्रा स्वीडिश. हामरस्ट्रमबद्दल तर खुद्द क्लबचा मालक हॅरल्ड बॅलर्ड म्हणाला की हा खिशात सहा अंडी घेऊन कोपऱ्यातल्या धक्काबुक्कीत घुसला तरी एक फुटणार नाही. आपलाच मालक, आपल्याच खेळाडूबद्दल! फिलाडेल्फियाची टीम तर मारामारीसाठीच बदनाम होती, त्यांनी सुरुवातीलाच ह्याला यथेच्छ बदडून बघितलं, काठ्या, कोपर, ठोसे सगळं. हा पडायचा, उठायचा, परत खेळायचा. डिफेन्समन होता, आणि समोरच्याने शॉट मारला की सरळ बर्फावर आडवा व्हायचा, म्हणजे कडक रबराची ती चकती, पक म्हणतात तिला, गोळीच्या वेगाने येतेय आणि हा अंगावर घेतोय. मी कॉर्कचं शटल तोंडावर लागलं तर दोन दिवस घरात सगळ्यांना दाखवत हिंडतो.

1986 मध्ये गोलपुढच्या गर्दीत खाली पडला तेव्हा दुसऱ्याच्या स्केटचं पातं चेहऱ्यावरून गेलं. डोळ्याच्या वरपासून तोंडापर्यंत, 200 च्या वर टाके. फोटो बघितला आणि मोबाईल पालथा ठेवला. त्याच वर्षी कोकेन घेतल्याचं कबूल केलं म्हणून लीगने काही मॅचेस बाहेर पण बसवलं होतं, म्हणजे देवमाणूस वगैरे नाही, माणूसच.

16 सीझन टोरांटोत काढले, मग एक डेट्रॉइटला, मग स्वीडनला परत आणि चाळिशीत 1992 चं ऑलिंपिक पण खेळला. एनएचएलच्या 1148 मॅचेस, 787 पॉइंट्स (स्वतःचे गोल आणि दुसऱ्याच्या गोलला केलेली मदत धरून), आणि स्टॅन्ली कप, म्हणजे लीगची ट्रॉफी, एकही नाही. टोरांटो 1967 नंतर जिंकलेलंच नाही तर हा एकटा काय करणार.

पण मला जे लागलं ते 1976 चं. कॅनडा कप, म्हणजे देशादेशांमधली स्पर्धा, मॅच टोरांटोतच, कॅनडाविरुद्ध स्वीडन. साल्मिंगच्या अंगात स्वीडनची जर्सी. नाव पुकारलं आणि सगळं स्टेडियम उभं राहून टाळ्या वाजवायला लागलं. समोरच्या टीमच्या माणसासाठी! तीन वर्षं झाली होती त्याला येऊन, फक्त तीन. आमचे पूर्वज शिंद्यांबरोबर आले त्याला दोनशेच्या वर वर्षं झाली, तरी परवा ग्वाल्हेरच्याच बाड्यावर, आमच्या चौकात, एक गृहस्थ आडनाव ऐकून विचारतात, "अच्छा, तो आप लोग महाराष्ट्र में कहाँ से?" मी म्हटलं भाईसाहब, दानाओली से, म्हणजे इथल्याच मोहल्ल्यातला. हसले बिचारे. आणि पुण्याला गेलो की माझी मराठी ऐकून रिक्षावाला हिंदीत सुरू होतो.

2022 मध्ये त्याला एएलएस झाला, शरीर हळूहळू ऐकेनासं होतं, वाचा पण जाते. नोव्हेंबरमध्ये त्याला टोरांटोला आणलं. व्हिडिओ आहे, बघा. जुना कॅप्टन डॅरिल सिटलर शेजारी रडतोय आणि लोकांना हात करता यावा म्हणून साल्मिंगचा हात स्वतःच्या हाताने वर उचलून धरतोय. दुसऱ्या दिवशीच्या मॅचला कोचने सुरुवातीला बर्फावर जे सहा उतरवले ते सहाही स्वीडिश, गोलकीपर धरून. लीफ्सचे! त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत, 24 नोव्हेंबरला तो गेला.

आतेभावाला रात्रीच मेसेज टाकला की बूट अर्धा नंबर छोटे आहेत पण परत करणार नाही. पातळ मोजे घालून चालवतोय.