बंद झालेली ई-टू-ओ प्लस जुनी घेताना: माझा अनुभव

महिंद्राने ई-टू-ओ प्लस या विजेवर चालणाऱ्या छोट्या कारचं उत्पादन २०१९ मध्ये थांबवलं. त्या वर्षी १ जुलैपासून नव्या कारमध्ये चालकासाठी एअरबॅग, सीटबेल्टची आठवण, वेगाचा इशारा आणि मागचे पार्किंग सेन्सर बंधनकारक झाले. १ ऑक्टोबरपासून आधीच्या मॉडेलांनाही टकरीच्या चाचण्या लागू झाल्या. ई-टू-ओ प्लसला एअरबॅग नव्हत्या आणि खप बेताचा होता. त्यातच १ एप्रिलला सुरू झालेल्या, विजेच्या वाहनांना अनुदान देणाऱ्या केंद्राच्या फेम-२ योजनेत चारचाकीचं अनुदान व्यावसायिक वापरापुरतं उरलं. साडेपाच लाखांपासून मिळणारी विजेची गाडी गेली, आणि २०२२ मध्ये टाटाची टियागो ईव्ही येईपर्यंत नव्याने घेणाऱ्याला दहा लाखांच्या आत फारसा पर्याय उरला नाही.

रोजच्या ४० किलोमीटरसाठी मी पुण्यात २०१७ सालची जुनी ई-टू-ओ प्लस घेतली, ४८ व्होल्टची. हीच गाडी शोधत असाल तर काय तपासायचं आणि कुठे अडतं, ते सगळं इथे लिहितो आहे. एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो: एअरबॅग नसलेली ही गाडी मी शहराबाहेर नेत नाही. महामार्गासाठी हवी असेल तर घेऊ नका.

बंद झालेल्या विजेच्या गाडीला बाजारभाव असा नसतो. किंमत ठरते ती बॅटरीत किती जीव उरला आहे त्यावरून, म्हणून सगळा जोर तिथेच लावायचा. मीटरवर दिसणाऱ्या टक्क्यांवर विश्वास ठेवू नका. या गाडीत लिथियम-आयर्न-फॉस्फेटचे सेल आहेत. त्यांचा व्होल्टेज साधारण २० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान जवळजवळ सपाट असतो, प्रत्येक सेलमागे ३.२ ते ३.३ व्होल्ट. त्यामुळे नुसता व्होल्टेज मोजून किती चार्ज आहे ते कळत नाही. गाडी आत-बाहेर गेलेला करंट मोजून टक्के सांगते, आणि हा हिशोब हळूहळू चुकत जातो. गाडी महिनोन्‌महिने अर्धवट चार्ज होत राहिली असेल तर फारच चुकतो. चाचणीच्या आधी म्हणूनच दोन रात्री सलग पूर्ण चार्ज करून घ्यायचा. १०० टक्के दिसल्यावरही प्लग आणखी तासभर तसाच ठेवायचा, म्हणजे सेल एका पातळीवर येतात आणि मीटरचा हिशोबही जागेवर येतो. विक्रेता याला तयार नसेल तर मी पुढची बोलणी केली नसती.

मग गाडी १०० वरून २० टक्क्यांपर्यंत चालवायची, एसी बंद ठेवून, नेहमीच्या शहरी रस्त्यावर. दर दहा टक्क्यांना किलोमीटरचा आकडा कागदावर लिहायचा. खरं दुखणं शेवटच्या भागात दिसतं. सेल एकामागोमाग जोडलेले असल्याने सगळ्यात कमजोर सेल संपला की पूर्ण पॅक, म्हणजे सगळे सेल मिळून झालेली मोठी बॅटरी, थांबतो. टक्के ३५ वरून एकदम १८ वर आले, किंवा चढावर जोर कमी होऊन सपाटीला परत आला, तर एखादा सेल मागे पडला आहे असं समजा. वरच्या निम्म्या भागात अशी गाडी अगदी ठणठणीत वाटते. पाच किलोमीटरची चक्कर मारून गाडी घेणारे इथेच फसतात.

तिसरी तपासणी मोजमापाची. १६ अँपिअरच्या प्लगमध्ये बसणारा, युनिट मोजणारा छोटा मीटर विकत मिळतो. गाडी २० टक्क्यांवर आणायची, मीटरमधून प्लग लावायचा आणि १०० टक्के होईपर्यंत किती युनिट गेले ते बघायचं. नव्या ४८ व्होल्टच्या पॅकची क्षमता सुमारे १० युनिट. म्हणजे ८० टक्क्यांना ८ युनिट आत जायला हवेत, आणि चार्जरमध्ये उष्णतेच्या रूपाने जाणारी वीज धरून भिंतीतून ९ ते साडेनऊ. माझ्या गाडीने ७.४ युनिट घेतले. त्यातले १३ टक्के चार्जरचे वजा केले की उरतात ६.४. हे ८० टक्क्यांचे, म्हणून १०० टक्क्यांना ८. थोडक्यात, मूळ क्षमतेच्या सुमारे ८० टक्के शिल्लक. त्याच ८० टक्क्यांत गाडी ५२ किलोमीटर चालली होती, म्हणजे पूर्ण चार्जवर ६५. कंपनीचा नव्या गाडीचा आकडा ११० होता. पण तो चाचणीच्या परिस्थितीतला, त्याच्याशी तुलना करू नका. आपलं रोजचं अंतर शिल्लक पल्ल्याच्या दोन तृतीयांशाहून जास्त असेल तर ती गाडी आपल्यासाठी नाही. पुढच्या दोन-तीन वर्षांत पल्ला आणखी घटणार आहे, हे धरूनच चालायचं.

आता १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीबद्दल, कारण बंद पडलेली म्हणून विकायला निघालेली गाडी बघताना सगळ्यात जास्त गैरसमज इथे होतो. मोठा पॅक भरलेला असला तरी गाडी जागी होते ती या साध्या बॅटरीवर. ती उतरली की डिस्प्ले लागत नाही, रिले (विजेवर चालणारा स्विच) टकटक वाजतो, आणि गाडी मेली असं वाटतं. माझ्या गाडीचंही तसंच झालं होतं आणि एका गॅरेजने पूर्ण पॅक बदलायला सांगितला होता. मल्टिमीटर लावला तर १२ व्होल्टच्या टर्मिनलवर ११.४ व्होल्ट होते. गाडी बंद असताना १२.६ हवेत, आणि १२.२ च्या खाली गेली की बॅटरी थकलेली. नवी बॅटरी बसवली आणि गाडी सुरू झाली. पण तेवढ्यावर थांबू नका. चावी फिरवून गाडी तयार स्थितीत असताना त्याच टर्मिनलवर १३.५ ते १४.४ व्होल्ट दिसले पाहिजेत. दिसले नाहीत तर मोठ्या पॅकमधून छोट्या बॅटरीला वीज देणारा कन्व्हर्टर काम करत नाही, आणि नवी बॅटरीही चार दिवसांत उतरेल. बॅटरी कोणत्याही दुकानात मिळते. अँपिअर-अवर तेवढेच घ्या आणि प्लस-मायनसची बाजू जुनीसारखीच आहे ना ते बघा, नाहीतर केबल पोचत नाही.

मोठ्या पॅकला मात्र स्वतः हात लावू नका. ४८ व्होल्ट म्हणजे झटका बसत नाही असं लोक सांगतात, पण धोका करंटचा आहे. मोटरच्या १९ किलोवॉटला ४८ ने भागलं तर जवळपास ४०० अँपिअर होतात. दोन टर्मिनलांना पाना टेकला तर पाना वितळतो आणि हात भाजतो. अंगठी, कडं, धातूच्या पट्ट्याचं घड्याळ काढल्याशिवाय बॉनेटखाली हात घालायचा नाही.

कागदपत्रांचं काम त्या मानाने सरळ आहे. परिवहनच्या संकेतस्थळावर हस्तांतरणाचा अर्ज, फॉर्म २९ आणि ३०. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर आधी बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ देऊन तो उतरवायचा. पीयूसी लागत नाही. आरसीवर इंधनाच्या रकान्यात ‘इलेक्ट्रिक (बीओव्ही)’, म्हणजे बॅटरीवर चालणारी गाडी, असं आहे ना, हे पैसे देण्याआधी बघा. तिथे चूक असेल तर नंबरप्लेट आणि विमा दोन्हीकडे अडतं. हिरव्या नंबरप्लेटचा नियम २०१८ चा, त्यामुळे त्याआधीच्या गाड्यांवर पांढरी प्लेट असते. आता १ एप्रिल २०१९ आधीच्या सगळ्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवावी लागते, ती बसवताना हिरव्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं येतील हे अर्ज करतानाच तपासून घ्या. महाराष्ट्रात चारचाकीला दर ७४५ रुपये, वर जीएसटी. आणि गाडीचा वर्ग बघा. नागपुरात मे २०१७ मध्ये ओलाचा विजेच्या टॅक्सींचा प्रकल्प सुरू झाला तेव्हा त्यात या गाड्याही होत्या, आणि भाड्याच्या ताफ्यांतूनही त्या चालल्या. ताफ्यातली गाडी रोज दोनदा चार्ज झालेली असते आणि तिची बॅटरी त्या मानाने जास्त झिजते. आरसीवर ‘मोटार कॅब’ असेल तर परमिट जमा करून वर्ग बदलण्याचा वेळ आणि खर्च किमतीतून वजा करा.

विम्याकडे मात्र नीट लक्ष द्या. तृतीय पक्षाचा हप्ता स्वस्त आहे: ३० किलोवॉटपर्यंतच्या विजेच्या खासगी कारला २०२२ च्या दरानुसार वर्षाला १,७८० रुपये. अडचण असते ती स्वतःच्या गाडीच्या नुकसानीची. पाच वर्षांवरच्या आणि उत्पादन बंद झालेल्या गाडीची विमा-किंमत ठराविक तक्त्यावरून निघत नाही, ती विमा कंपनी आणि मालक यांनी आपसात ठरवायची असते. पोर्टलवर आपोआप आलेला आकडा मान्य करू नका. मी वरच्या युनिटच्या मोजणीचा कागद आणि तशाच तीन गाड्यांच्या विक्रीच्या जाहिराती सर्वेक्षकाला दाखवल्या आणि त्यावर किंमत धरायला लावली. हप्ता थोडा वाढला, पण गाडी पूर्ण गेली तर हातात काहीतरी येईल.

दुसरी बाब लोक विसरतात. या गाडीचे बाहेरचे पॅनेल पत्र्याचे नसून रंग आतपर्यंत मुरवलेल्या प्लास्टिकचे आहेत. छोट्या धक्क्याने पोचा येत नाही आणि ओरखडाही फारसा दिसत नाही, हा फायदा आहेच. पण जोराचा मार बसला की पॅनेल तडकतं, आणि ठोकून सरळ करता येत नाही. नेहमीच्या विम्यात प्लास्टिक, रबर, टायर आणि बॅटरी यांवर ५० टक्के घसारा कापतात. पत्र्याच्या गाडीत हा तोटा बंपरपुरता असतो, इथे जवळजवळ पूर्ण बाहेरची बाजू त्यात येते. छोट्या तडकीसाठी दावा करूच नका. प्लास्टिक वेल्डिंग करणारा कारागीर गाठा, तो आतून तारेची जाळी बसवून तडा भरतो. विक्रेत्याचा नो-क्लेम बोनसही (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) आपल्याला मिळत नाही, तो त्याच्याकडेच राहतो. त्यामुळे पॉलिसी नावावर करताना फरकाची रक्कम भरावी लागते. हे गाडी हस्तांतरित झाल्यापासून १४ दिवसांत करा.

घरी चार्जिंगसाठी १६ अँपिअरचं सॉकेट पुरतं, पण गीझरच्या जुन्या सॉकेटवर लावू नका. गीझर वीस मिनिटं चालतो, ही गाडी सलग पाच-सहा तास वीज ओढते. सैल पिनजवळ आधी पिवळट डाग येतो, मग प्लास्टिक काळं पडतं. पार्किंगपर्यंत २५ मीटरसाठी मी ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, २० अँपिअरचा एमसीबी (जास्त करंट गेला की बंद होणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की बंद होणारा स्विच) बसवून घेतला, आणि सोसायटीच्या हिशोबासाठी वेगळा सबमीटर. न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये २-३ व्होल्टपेक्षा जास्त दिसत असेल तर आधी अर्थिंग दुरुस्त करा. अर्थिंग खराब असलं की चार्जर मध्येच थांबतो आणि दोष गाडीला दिला जातो. पहिल्या आठवड्यात चार्जिंग सुरू होऊन अर्धा तास झाला की प्लगला हात लावून बघा. कोमट ठीक, चटका बसत असेल तर बंद करा.

सुट्या भागांची दोन गटांत विभागणी करून ठेवा. ब्रेक पॅड, टायर, वायपर, बल्ब, १२ व्होल्टची बॅटरी यांची चिंता नाही. चार्जर, कंट्रोलर, डिस्प्ले, दिव्यांचे साचे, काचा आणि पॅनेल फक्त याच गाडीचे. या दुसऱ्या गटातल्या प्रत्येक भागाचा नंबर चॅसिस नंबर देऊन सर्व्हिस सेंटरमधून आत्ताच लिहून घ्या, गाडी चालू असताना. भाग लागेल तेव्हा तो नंबर हातात असला तर भंगारातल्या गाडीचाही चालतो, आणि फोनवर विचारता येतं. मागच्या दिव्याचा एक संच आणि डाव्या बाजूचा आरसा मी भंगारात निघालेल्या गाडीवरून काढून घेऊन ठेवला आहे. पार्किंगमध्ये आधी फुटतात ते हेच. पुढची काच मात्र कोणी साठवून ठेवत नाही. तिच्यावर खड्याचा छोटा डाग पडला की त्याच दिवशी रेझिन भरून घ्यायचा, कारण एसीच्या गार हवेने तो डाग लांब तडा बनतो आणि मग नवी काच शोधत बसावं लागतं.