12345678987654321 चे अवयव हाताने काढले, माझा अनुभव

गणितज्ञ द. रा. कापरेकर सरांच्या डेमलो संख्यांबद्दल (121, 12321 अशा चढत जाऊन परत उतरणाऱ्या) वाचल्यापासून हा सतरा अंकी आकडा डोक्यातून जातच नव्हता, उलटीकडून वाचला तरी तोच, म्हटलं कॅल्क्युलेटर न घेता याचे मूळ अवयव काढायचेच. (डेमलो म्हणजे आपलं डोंबिवली, जीआयपी रेल्वेच्या (आजची मध्य रेल्वे) काळात स्टेशनचं नाव ते होतं, सरांना कल्पना तिथे सुचली म्हणून संख्यांना थेट स्टेशनचं नाव, मला हे फार आवडतं.)

पहिली पायरी सोपी. हा 111111111 चा वर्ग आहे, गुणाकार मांडला की प्रत्येक ओळ एक घर सरकते आणि उभ्या बेरजा 1 पासून 9 पर्यंत चढून परत उतरतात, हातचा कुठेच नाही. दहा एकं घेतली तर मधे हातचा येतो आणि 1234567900987654321 होतं, म्हणजे नऊ एकं ही शेवटचीच.

मग 111111111 = 111 × 1001001. 111 म्हणजे 3 × 37, आणि 1001001 ला 3 ने भागलं की 333667. इथे खरा घाम निघतो, कारण 333667 मूळ आहे की नाही हे बघायला 577 पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागायचं, त्या आहेत 106!

पण थोडा विचार केला तर काम खूप कमी होतं. समजा p ही मूळ संख्या 333667 ला भागते, तर ती 999999999 लाही भागते, म्हणजे 10 च्या नवव्या घाताला p ने भागल्यावर बाकी 1. ही बाकी 1 पहिल्यांदा पहिल्या किंवा तिसऱ्या घातालाच आली तर p फक्त 3 किंवा 37, आणि ते दोन्ही इथे जात नाहीत (37 ने बाकी 1 उरते). नाहीतर ती पहिल्यांदा नवव्या घातालाच येते, आणि फर्माच्या छोट्या प्रमेयाने (10 च्या p-1 व्या घातालाही p ने बाकी 1 येतेच) p-1 ला 9 ने भाग जायलाच हवा, p विषम म्हणून 18 ने पण. म्हणजे 19, 73, 109, 127 अशाच तपासायच्या, 37 धरून फक्त 17 उरतात. सगळे भागाकार वहीत केले, 19 ने बाकी 8, शेवटी 577 ने बाकी 161, एकानेही भाग गेला नाही. 333667 मूळ!

म्हणून उत्तर 3⁴ × 37² × 333667², एकूण 45 विभाजक. अंकांची बेरीज 81 आणि 81 नेच भाग जातो, म्हणजे ही हर्षद संख्यासुद्धा आहे, ते नावही कापरेकर सरांचंच, आणि भागाकार येतो 12345679 चा वर्ग, 8 गायब असलेला तो प्रसिद्ध आकडा, हे बघून मी खरंच खुर्चीतून उठलो.

अकरा एकांवर पण हीच युक्ती चालते, तिथे अवयव 22 ने भागल्यावर 1 बाकी ठेवणारेच असतात, 21649 आणि 513239, करून बघा.