तुम्ही विचारलंत म्हणून: एकाच प्रोटीनवर इतकी वर्षं?

गावी गेले की कुणी ना कुणी विचारतंच, "पीएचडीची पाच वर्षं आणि एकच प्रोटीन? त्यात बघण्यासारखं असतं तरी काय?" परवा मावशीनं विचारलं तेव्हा एसटी सुटत होती. आज नीट सांगते.

माझं प्रोटीन पी५३. प्रोटीन वजनानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर ते ५३ हजार डाल्टनच्या (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं माप) आसपास दिसतं म्हणून हे नाव. १९७९ मध्ये सापडलं तेव्हा ते कॅन्सर वाढवतं असं वाटलं होतं. उलट ते कॅन्सर रोखतं, हे कळायला १९८९ उजाडलं. डीएनएला इजा झाली की पी५३ पेशीचं विभाजन थांबवतं, आणि इजा फारच असेल तर पेशीला मरायला लावतं. जवळपास निम्म्या कॅन्सरमध्ये त्याचं जनुकच बिघडलेलं असतं.

माझा जीव अडकलाय तो उरलेल्या निम्म्यात. मी हीला पेशी, म्हणजे लॅबमध्ये वाढत राहणाऱ्या कॅन्सरच्या पेशी, वाढवते. १९५१ मध्ये बाल्टिमोरला हेन्रिएटा लॅक्स यांच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून त्या घेतल्या, त्यांना न विचारता. हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. या पेशींत पी५३चं जनुक धडधाकट आहे, प्रोटीन मात्र जवळजवळ नाहीच. गर्भाशयमुखाचा कॅन्सर घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूचं ई६ हे प्रोटीन पेशीतल्याच एका एन्झाइमला हाताशी धरतं आणि पी५३वर युबिक्विटिन या छोट्या प्रोटीनची खूण चढवतं. खूण चढली की प्रोटिएसोम, म्हणजे पेशीतलं प्रोटीन तोडणारं यंत्र, त्याचे तुकडे करतो. एरवी ही पेशीची रोजची साफसफाई. विषाणूनं ती चांगल्या प्रोटीनवरच सोडली.

पहिल्या वर्षी माझ्या वेस्टर्न ब्लॉटवर (ठरावीक प्रोटीन अँटीबॉडीनं शोधून दाखवणारी चाचणी) अ‍ॅक्टिन या पेशीत कायम असणाऱ्या प्रोटीनचे पट्टे ठसठशीत यायचे आणि पी५३च्या जागी कोरं. अँटीबॉडी खराब असेल म्हणून दोन आठवडे घालवले. मग लॅबमधली ताई म्हणाली, "एमजी१३२ घालून बघ." ते रसायन प्रोटिएसोमला अडवतं. काही तासांनी पेशी बर्फावर फोडल्या, जेल चालवला. दुसऱ्या दिवशी पडद्यावर, नेमक्या त्या जागी, बारीक काळी रेघ. प्रोटीन बनत होतं, रोज, आणि बनल्या बनल्या संपत होतं. त्या संध्याकाळी मी घरी उशिरा गेले.

प्रोटिएसोम रोखणारी औषधं मायलोमा या रक्ताच्या कॅन्सरमध्ये वापरतात, पण त्यांनी सगळीच सफाई अडते. मला सोडवायची आहे ती फक्त ई६ची पकड. त्याला किती वर्षं लागतील, मावशी, सांगता येत नाही. पण छकुली बारा वर्षांची झाली ना? एचपीव्हीची लस ९ ते १४ या वयात, विषाणू शरीरात शिरायच्या आधीच घ्यायची असते. डॉक्टरांची वेळ घे, मी सोबत येते.